मौन आणि संमती : वैयक्तिक माहितीचे कायदे व जाहिरातव्यवसाय (१९०२–२०२५)

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन मराठी व्यवहारात इतके रुळले आहे की त्यातील गृहीताकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जो बोलत नाही त्याचा होकार आहे असे मानले, म्हणजे लाभ विचारणाऱ्याचा होतो आणि नकार उच्चारण्याचा भार दुसऱ्यावर पडतो. गेल्या सव्वाशे वर्षांत जाहिरातव्यवसाय आणि खासगीपणाचा कायदा यांच्यामध्ये जो संघर्ष झाला, तो तत्त्वतः याच गृहीताविषयीचा होता. जाहिरातीसाठी व्यक्तीची संमती हवी की नको, हा वाद तुलनेने लवकर मिटला. संमती कशास म्हणावे, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. या दुसऱ्या वादाचा क्रम पाहिल्यास कायद्यांचा या व्यवसायावरील परिणाम कोठे खोल व कोठे केवळ वरवरचा का झाला, याचाही उलगडा होतो.

१. पिठाची जाहिरात आणि लेखी संमती

सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरील सुप्रसिद्ध लेख ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये १८९० साली प्रसिद्ध झाला. त्यांचा मुख्य रोष वृत्तपत्रांवर होता. परंतु या हक्काला अमेरिकेत कायद्याचे रूप प्राप्त झाले ते एका जाहिरातीमुळे. न्यू यॉर्क राज्यातील एका पीठगिरणीने रॉबर्सन नावाच्या तरुणीचे छायाचित्र तिच्या अनुमतीवाचून आपल्या पिठाच्या जाहिरातीवर छापले आणि अशा सुमारे २५,००० प्रती दुकाने व सार्वजनिक स्थळी लावण्यात आल्या. १९०२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी निर्णय दिला की, असा कोणताही हक्क प्रचलित कायद्यास ठाऊक नाही. निर्णय लिहिणारे मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर हे १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले व आपल्या कुटुंबीयांची छायाचित्रे घेणाऱ्यांविरुद्ध त्यांनी तक्रार केली. तेव्हा रॉबर्सन यांनी जाहीर पत्र लिहून त्यांना त्यांच्याच निर्णयाचे स्मरण करून दिले.

तत्पूर्वीच, १९०३ मध्ये, न्यू यॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला होता : जिवंत व्यक्तीचे नाव वा चित्र जाहिरातीसाठी वापरावयाचे असल्यास तिची लेखी संमती आवश्यक होय, आणि व्यक्ती अज्ञान असल्यास पालकाची. १९०५ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका विमा कंपनीच्या जाहिरातीसंबंधी निकाल देताना हा हक्क स्वतंत्रपणे मान्य केला. या पहिल्या अवस्थेत संमतीचे स्वरूप निःसंदिग्ध होते. चित्र एक, वापरणारा एक, उपयोग डोळ्यांना दिसणारा आणि होकार कागदावर लिहिलेला. मौनाला येथे स्थानच नव्हते. व्यवसायानेही हा दंडक पचवला. नामांकितांना मोबदला देऊन त्यांचे चित्र वापरण्याची प्रथा पुढे याच भूमीवर वाढली.

२. चित्राकडून नोंदीकडे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खासगीपणाच्या कायद्याने दुसरे वळण घेतले. १९७० मध्ये जर्मनीतील हेस राज्याने आणि १९७३ मध्ये स्वीडनने माहितीसंरक्षणाचे कायदे केले. त्यांच्यामागे जाहिरातीची नव्हे, तर संगणकबद्ध शासकीय नोंदींची चिंता होती. १९८३ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने जनगणनेसंबंधीच्या निकालात ‘माहितीविषयक आत्मनिर्णया’चे तत्त्व मांडले : आपल्याविषयीची माहिती कोणी व कशासाठी वापरावी हे प्रथमतः व्यक्तीनेच ठरवावे. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशाने या विचाराला व्यापक आधार दिला.

नेमक्या याच सुमारास जाहिरातीचे साधन बदलले. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी ‘कुकी’ची योजना केली. संकेतस्थळाला आपला ग्राहक पुन्हा ओळखता यावा, एवढाच तिचा मूळ हेतू होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर जाहिरातीचे पट्टे झळकले. पुढे असे झाले की, एकच जाहिरातसंस्था सहस्रावधी संकेतस्थळांवर पट्टे पुरवू लागली व आपल्या कुकीच्या योगे तोच वाचक कोठे कोठे जातो याची नोंद ठेवू लागली. जाहिरातीला आता व्यक्तीचे चित्र नको होते. तिच्या वर्तनाची नोंद हवी होती. ही नोंद अदृश्य असल्याने विरोध करण्याचा प्रसंगच बहुधा येत नसे. मौन आले ते येथे, आणि तेही अज्ञानातून उद्भवलेले मौन.

३. मौनाचा अस्वीकार

युरोपीय कायद्याची पुढील वाटचाल म्हणजे या मौनाचा टप्प्याटप्प्याने केलेला अस्वीकार होय. २००२ च्या निर्देशाने वापरकर्त्याला माहिती द्यावी व नकाराची संधी द्यावी, इतकेच सांगितले. म्हणजे नकार आला नाही तर होकार गृहीत होता. २००९ च्या दुरुस्तीने ‘नकाराची संधी’ हे शब्द काढून ‘संमती’ हा शब्द घातला. तथापि संमती म्हणजे काय हे संदिग्धच राहिल्याने ‘हे संकेतस्थळ वापरीत राहिल्यास आपली संमती आहे असे मानले जाईल’ अशा सूचना सर्वत्र दिसू लागल्या. २०१६ मध्ये संमत झालेल्या व २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या विनियमाने मात्र प्रास्ताविकातच नमूद केले की मौन, आधीच खूण केलेली चौकट किंवा निष्क्रियता यांस संमती म्हणता येणार नाही.

१ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने ‘प्लॅनेट ४९’ खटल्यात यावर शिक्कामोर्तब केले. एका बक्षीसयोजनेच्या पानावर कुकीस अनुमती देणाऱ्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. ती पुसली नाही म्हणून होकार झाला, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. १९०३ मध्ये जो स्पष्ट होकार कायद्याने मागितला होता, त्याच्या जवळपास कायदा अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनी परत आला.

४. व्यवसायाचे उत्तर

मौन अग्राह्य ठरल्यावर व्यवसायाने होकार बोलवून घेण्याची व्यवस्था केली. पानापानांवर संमतीचे फलक उभे राहिले. त्यांवर स्वीकाराचे बटन ठळक असे, तर नकाराची वाट दोनतीन पायऱ्या पलीकडे दडलेली असे. नकार देणे स्वीकाराइतके सोपे नाही, या कारणास्तव फ्रान्सच्या माहितीसंरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले.

बाजाराच्या रचनेवरील परिणाम काहीसा अनपेक्षित होता. गॅरेट जॉन्सन, स्कॉट श्रायव्हर व सॅम्युएल गोल्डबर्ग यांनी २७,००० हून अधिक संकेतस्थळांचा अभ्यास केला. विनियम लागू होताच प्रत्येक स्थळावरील बाह्य तंत्रसेवकांची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटली. पण जे उरले त्यांत मोठ्यांचा वाटा वाढला, आणि वर्षअखेरीस संख्याही पूर्वपदावर आली. ज्या कंपनीशी ग्राहकाचे थेट खाते आहे तिला संमती मिळविणे सोपे व लहान मध्यस्थास अवघड, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

याउलट प्रश्न सरळ विचारला गेला तेथे उत्तरही निराळे आले. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आपल्या दूरध्वनींवर प्रत्येक ॲपने माग काढण्यापूर्वी परवानगी मागावी असा नियम केला. होकार व नकार ही दोन्ही उत्तरे एकाखाली एक, एका स्पर्शाच्या अंतरावर ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटा कंपनीने या बदलामुळे त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरांचे उत्पन्न बुडेल असा अंदाज सांगितला. हा नियम कायद्याचा नव्हता, एका कंपनीचा होता, आणि तिच्याही हेतूंविषयी शंका घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धाप्राधिकरणाने या योजनेच्या अंमलबजावणीवरून ॲपललाच १५ कोटी युरो दंड केला. तरीही वाक्याची मांडणी बदलल्याने केवढा फरक पडतो, हे त्यातून दिसले.

माग न काढताही जाहिरात चालू शकते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये सापडते. तेथील सार्वजनिक प्रसारणाच्या जाहिराती विकणाऱ्या ‘स्टेर’ या संस्थेने २०२० च्या आरंभी कुकींचा त्याग केला व वाचक कोण आहे याऐवजी तो काय पाहत आहे यावरून जाहिराती दाखविल्या. त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत तिचे या मार्गाचे उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा वाढले. एका संस्थेच्या अनुभवावरून सर्व व्यवसायाविषयी सिद्धांत काढणे उचित नाही; पण पाळतीवाचून जाहिरात अशक्य होय, हा दावा त्याने दुबळा केला.

५. भारतीय कायदा आणि मराठी वाक्य

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी आणि स्पष्ट होकारार्थी कृतीने व्यक्त व्हावी, असे कलम ६ सांगते. अठरा वर्षांखालील मुलांना उद्देशून लक्ष्यवेधी जाहिरात करण्यास कलम ९ मनाई करते. मात्र कलम ७ मध्ये जुने गृहीत वेगळ्या वाटेने परत आले आहे : व्यक्तीने स्वेच्छेने माहिती दिली असेल व ‘माझी संमती नाही’ असे दर्शविले नसेल, तर त्या विवक्षित कारणापुरता तिचा वापर करता येतो. या ‘विवक्षित कारणा’चा अर्थ किती ताणला जातो, यावर जाहिरातव्यवसायाची मोकळीक पुष्कळशी अवलंबून राहील.

महाराष्ट्रात ‘संमती’ हा शब्द सार्वजनिक वादाच्या केंद्रस्थानी आला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने. तेव्हाचा प्रश्न संमती देण्यास पात्र कोण, हा होता. आताचा प्रश्न ती कोणत्या भाषेत मागितली जाते, हा आहे. कारण संमतीची विनंती स्पष्ट व साध्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असावा, असे हाच अधिनियम म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. म्हणजे कोट्यवधी मराठी भाषकांच्या संमतीची वैधता यापुढे काही मराठी वाक्यांच्या सुबोधतेवर अवलंबून राहणार आहे. ती वाक्ये इंग्रजी मसुद्याची शब्दशः छाया असतील, ‘प्रक्रियण’, ‘न्यासधारी’ अशा अपरिचित संज्ञांनी भरलेली असतील, तर वाचणारा ती न वाचताच बटन दाबील. ती कृती दिसण्यात होकारार्थी असेल. अर्थाने मात्र ते मौनच असेल. रॉबर्सन यांच्या काळात होकार कागदावर लिहून घ्यावा लागे, आणि काय लिहीत आहोत हे लिहिणाऱ्याला कळत असे. तेवढे कळणे मराठी वाचकाच्या वाट्यास येते की नाही, यावरच या कायद्याचे मोल ठरेल.