रुक्मीचं भोजकट कुठे?

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर म्हटलं की आधी गोविंदप्रभू आठवतात, मग म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र'. त्याच्याही आठशे वर्षं आधीचा एक ऐवज याच गावात सापडला आहे : प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीचा ताम्रपट. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर होता आणि त्याच्या राज्याचं 19वं वर्ष चालू होतं. दान तसं लहानच. अश्वत्थनगरातलं एक शेत, शेतावरचं घर आणि कुणब्यांची चार खोपटं.

हे अश्वत्थनगर कुठलं? ताम्रपटांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी बोट ठेवलं ते अचलपूर तालुक्यातल्या असदपूरवर. नाव वरवर फारसी वाटावं असं, पण रिद्धपूरपासून अंतर जेमतेम दहा मैलांचं.

1838 मध्ये बायबलचा अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन पॅलेस्टाइनमध्ये हिंडला तो असाच नावांचा माग काढत. यिर्मया संदेष्ट्याचं अनाथोथ त्याला अनाता या अरबी खेड्यात सापडलं. पण नावाच्या भरवशावर गाडं फार लांब जात नाही. शिवाय ताम्रपट हलतात. दान मिळालेलं घराणं गाव सोडून निघालं की पत्रेही गाठोड्यात जातात. रिद्धपूरलाच नल राजा भवत्तवर्म्याचाही ताम्रपट मिळाला, आणि त्यातलं कदंबगिरी म्हणजे यवतमाळकडचं कळंब असावं, असं मानतात. पट सापडला एकीकडे, गाव भलतीकडेच!

खरा पेच भोजकटाचा. रुक्मिणीहरणानंतर कृष्णाचा पाठलाग करणारा तिचा भाऊ रुक्मी हरला. हरलेलं तोंड घेऊन राजधानी कुंडिनपुराला परतायचं नाही म्हणून हरला त्याच जागी त्याने भोजकट वसवलं, असं महाभारत सांगतं. पण जागा कोणती?

उत्तराची दिशा अचलपूरजवळच्या चम्मकने दिली. तिथे नांगरताना प्रवरसेनाच्या 18व्या वर्षाचा ताम्रपट निघाला. मधुनदीच्या काठचं, भोजकट राज्यातलं चर्मांक गाव हजार ब्राह्मणांना दिल्याची त्यात नोंद आहे. सोबत अटी : राजद्रोह करायचा नाही, चोरी नाही, शेजारच्या गावांना त्रास नाही. अटी मोडल्या तर राजा जमीन काढून घेणार. ताम्रपट जिथे मिळाला त्याच गावाचं नाव आजही चम्मक, त्यामुळे इथे हललेल्या पत्र्यांची शंका उरत नाही. पुराणातलं भोजकट या एका ओळीने वऱ्हाडच्या जमिनीवर उतरलं.

राज्य कळलं, राजधानी राहिली. अमरावतीजवळच्या भातकुलीचं नाव पुढे आलं ते तिथल्या रुक्मीच्या देवळामुळे. मला हा पुरावा चम्मकच्या मानाने लंगडा वाटतो. कथा गाजली की देऊळ मागाहूनही उभं राहतं. भातकुलीचा निकाल देवळापेक्षा गावच्या पांढरीनेच द्यावा, खापरं आणि नाणी हाती घेऊन.