अंतराळयानाची शेजपाळी

माकणीच्या निम्न तेरणा धरणातून कालव्याला पाणी सुटायचं म्हटलं, की आधी शेजपाळी ठरते. टेलच्या शेतकऱ्याला अगोदर, मग सरकत सरकत वर. कागदावर हे देखणं दिसतं. पण मध्येच एखादी चारी फुटते आणि कागदाचा मेळ बसेनासा होतो. शहाणा पाटकरी तेव्हा कोरा कागद घेत नाही. ज्याची पाळी हुकली त्याला कुठेतरी मध्ये बसवतो आणि बाकीच्यांना होता होईल तो हलवत नाही. नेमकं हेच शहाणपण अमेरिकेच्या नासाने एकदा संगणकाला शिकवलं.

स्पेस शटल आपण टीव्हीवर पाहिलं ते उडताना. त्याचं बहुतेक आयुष्य मात्र जमिनीवर, फ्लोरिडातल्या केनेडी केंद्राच्या शेडमध्ये गेलं. यान उतरलं की अंगावरच्या सुमारे २४,००० उष्णतारोधक फरश्या तपासायच्या, इंजिनं पाहायची, आधीचं सामान उतरवून नवं चढवायचं. ही सगळी कामं एकमेकांत अडकलेली. विषारी इंधनाच्या नळ्यांना हात लावायचा तर आजूबाजूची माणसं बाहेर काढायची, म्हणजे तेवढा वेळ तिथली बाकीची कामं बंद. एका कामाला यानाची वीज चालू लागते, दुसऱ्याला बंद. शटलची योजना आखताना हे सगळं दोन आठवड्यांत उरकेल असा हिशेब होता. प्रत्यक्षात सर्वांत जलद ठरलं ते अटलांटिस. ३ ऑक्टोबर १९८५ ला उडालेलं हे यान पुन्हा उडालं २६ नोव्हेंबरला, म्हणजे ५४ दिवसांनी.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स केंद्रात मॉन्टी झ्वेबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामांसाठी एक संगणक प्रणाली तयार केली. वेळापत्रक मोडलं की ती ते नव्याने मांडत नसे. जिथे दोन कामं एकमेकांना नडतात ती जागा शोधायची, एक काम पुढेमागे सरकवायचं, त्यामुळे दुसरीकडे काय बिघडलं ते पाहायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. कधीकधी ती मुद्दाम थोडं वाईट वेळापत्रकही पत्करायची. एकाच गाठीत अडकून पडण्यापेक्षा दोन पावलं मागे गेलं तर वाट सापडते. मूळ बेतात कमीत कमी बदल आणि शनिवार-रविवारी कमीत कमी काम, हेही तिला सांगितलेलं होतं. सुटीची कदर करणारा संगणक मला आवडला! आणि दुरुस्तीचं म्हणाल, तर एक शेर जमला नाही म्हणून आम्ही कवीही अख्खी गझल फाडत नाही.

पण कामं कशी बसवायची ते संगणक सांगतो. शेवटची तारीख माणसं ठरवतात. १९९० पर्यंत वर्षाला २४ उड्डाणं, असं नासाचं उद्दिष्ट होतं. १९८५ या सर्वांत गर्दीच्या वर्षातही झाली नऊच. २८ जानेवारी १९८६ च्या कडाक्याच्या थंडीत चॅलेंजर उडालं आणि ७३ सेकंदांत सात माणसं गेली. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते ‘थांबा’ म्हणत होते. चौकशी आयोगाने रबरी कड्याच्या दोषाबरोबरच वेळापत्रकाच्या दडपणावरही बोट ठेवलं.

१ फेब्रुवारी २००३ तर आपल्या घरचंच दुःख होतं. कोलंबिया कोसळलं, त्यात कल्पना चावला गेली. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखाला लागल्याचं दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसलं होतं. अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं मागितली, ती काढली गेली नाहीत. चौकशी अहवालातला आणखी एक तपशील मला आजही टोचतो. नासाच्या व्यवस्थापकांना संगणकासाठी एक स्क्रीनसेव्हर पाठवला होता. १९ फेब्रुवारी २००४ ला किती दिवस, तास, मिनिटं, सेकंद उरले, ते त्यात उलटं मोजलं जाई. त्या दिवशी अंतराळ स्थानकाचा एक भाग वर न्यायचा होता, बस्स.

आपल्या श्रीहरिकोट्याची एक रात्र याशेजारी ठेवून पाहा. १५ जुलै २०१९, चांद्रयान-२ निघायला ५६ मिनिटं २४ सेकंद उरली होती. राष्ट्रपती हजर, सगळा देश जागा. यंत्रणेत दोष दिसला आणि गणती थांबवली. यान २२ जुलैला निघालं. चंद्रावर उतरायची तारीख मात्र ७ सप्टेंबरच ठेवली, कारण तिथे सूर्यप्रकाश असतो आपले चौदा दिवस, त्यातच लँडरने काम उरकायचं. मग हुकलेला आठवडा भरून कसा काढला? यान पृथ्वीभोवती १७ ऐवजी २३ दिवस फिरवायचं ठरलं आणि चंद्राभोवतीचे २८ दिवस १३ वर आणले. लँडर अलगद उतरला नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं. पुढचा, चांद्रयान-३ चा लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला.