सदाफुलीच्या मुळांत क्लोरीन

नाशिकच्या वाड्यांत तुळशीशेजारी सदाफुली इतकी रुळली आहे, की ती मूळची मादागास्करची हे सांगूनही कुणाला पटत नाही. मधुमेहावर तिची पाने चघळणारे अजून भेटतात. जमैकातही त्याच समजुतीने तिचा काढा घेत. तिथली पाने १९५२मध्ये कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे पोचली. त्यांनी ती भाऊ रॉबर्टकडे सोपवली. अर्क पोटात देऊन उंदरांची साखर उतरली नाही. टोचल्यावर मात्र त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि जंतुसंसर्गाने ते दगावले. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी हा धागा सोडला नाही. १९५८मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे द्रव्य हाती आले. एका ग्रॅमला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात!

झाडाला ठाऊक नसलेला रेणू झाडाकडूनच करून घेता येईल का, हा पुढचा प्रश्न. क्लोरीनचा एखादा अणू बसला तर औषधाचा गुण पालटतो. व्हॅन्कोमायसिनमध्ये असे दोन आहेत. पण गुंतागुंतीच्या रेणूत तो नेमक्या जागी बसवणे रसायनशास्त्रज्ञाला जड जाते. मातीतल्या काही जिवाणूंना ते सहज जमते. त्यांची हॅलोजनेज नावाची विकरे मिठातलाच क्लोराइड उचलतात आणि ऑक्सिजनच्या मदतीने त्याला क्रियाशील करून एका बोगद्यातून ट्रिप्टोफॅनच्या ठरलेल्या कोपऱ्यावर पोचवतात. (बोगदा ही उपमा नव्हे; २००५मध्ये विकराच्या स्फटिकरचनेत तो खरोखर सापडला.)

एमआयटीतल्या सारा ओकॉनर यांच्या गटाने या विकरांची जनुके सदाफुलीच्या मुळांत घातली. २०१०च्या ‘नेचर’मधील त्यांच्या निबंधानुसार मुळांनी क्लोरीनयुक्त अल्कलॉइडे बनवली. मात्र क्लोरीन लागलेले ट्रिप्टोफॅन पुढच्या पायरीवर तुंबले. झाडाचे स्वतःचे विकर हा परका माल स्वीकारायला नाखूश होते. पुढल्याच वर्षी त्यांनी आरईबीएच या विकरातले एक अमिनो आम्ल बदलले. आता ते ट्रिप्टोफॅनऐवजी त्यापुढच्या ट्रिप्टामीनवर बसू लागले आणि तुंबणे थांबले. मला या कथेतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

क्लोरीनवाले व्हिनब्लास्टिन मात्र यातून मिळाले नाही. त्याचा अर्धा भाग, व्हिंडोलिन, पानांतच तयार होतो. मुळांना तो जमत नाही. २०२२मध्ये व्हिनब्लास्टिनचे दोन्ही अर्धे भाग यीस्टकडून बनवून घेतले गेले, २०२३मध्ये सर्पेंटाइनसारख्या अल्कलॉइडांचे हॅलोजनयुक्त भाऊबंदही. तमिळनाडूत सदाफुलीची शेती करणाऱ्यांना या बातमीचा अर्थ आज ना उद्या विचारावा लागेल.