अनेक हातांचे गणित

हरसूलच्या परिसरात भाताची आवणी कोणी एकट्याने उरकीत नाही, हे येथील श्रोत्यांस आम्ही सांगावयास नको. दहा माणसे शेतात उतरली की काम लवकर हातावेगळे होते. परंतु राबातील रोप तयार होऊन चिखलणी होईपर्यंत त्या दहाही जणांना थांबावेच लागते. संगणकाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण याच अनुभवाशी जुळते.

एक हिशेब अनेक यंत्रांनी एकाच वेळी करावा, ही कल्पना ऐकावयास सोपी, पण आचरणात अवघड. समजा, एका खात्यात १०० रुपये आहेत. एका कारकुनाने त्यात ५० मिळवावयाचे, दुसऱ्याने ३० वजा करावयाचे. दोघांनी एकाच क्षणी १०० हा आकडा वाचला, तर वहीत शेवटी १५० तरी राहतील किंवा ७० तरी. खरे उत्तर मात्र १२०! तेव्हा वही एका वेळी एकाच्याच हाती हवी. हा नियम अनेक यंत्रांकडून कसा पाळून घ्यावा, हे डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले.

१९६७ मध्ये अमेरिकेतील जीन आम्डाल यांनी दुसरी मर्यादा पुढे आणली. शंभर तासांच्या कामातील दहा तासांचा भाग वाटून देता येत नसेल, तर हजार हात लावूनही ते काम दहा तासांच्या आत संपणार नाही. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडच्या टोनी होअर यांनी निराळी वाट सुचविली. सामाईक वहीच नको. प्रत्येकाने आपापले काम करावे आणि दुसऱ्यास हवे तेवढे निरोपाने कळवावे. या विचाराला धरून ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीने ट्रान्सप्यूटर ही चिप घडविली. शेजारच्या चिपांशी निरोपांची देवघेव करण्यासाठी तिला चार दुवे होते.

याच सुमारास भारताने हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. हवा होता तो मिळाला नाही. कमी शक्तीचा मिळाला, तोही अटी घालून. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एकच अवाढव्य यंत्र नव्हे, तर ६४ ट्रान्सप्यूटर एकमेकांस जोडून केलेला तो महासंगणक होता.

येथे अभिमानाबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. त्या चिपा आपल्या नव्हत्या. आपली होती ती जोडणी, आणि तिच्याकडून काम करवून घेणारी आज्ञावली. पण ही काही लहान गोष्ट नव्हे. यंत्र नाकारता येते. जगापुढे छापून आलेला विचार नाकारता येत नाही. मात्र तो समजून घेणारी माणसे आधी तयार असावी लागतात. ती तीन वर्षांत तयार होत नाहीत. त्यांच्या मागे शाळा-महाविद्यालयांतील कितीतरी वर्षे असतात, आणि हजार हात लावले तरी ती वर्षे कमी होत नाहीत.

आज आपल्या खिशातील फोनमध्येही अनेक प्रोसेसर एकत्र काम करीत असतात. हात पुष्कळ झाले आहेत. आपल्या गावच्या शाळेत राब कसा भाजला जात आहे, एवढेच आपण पाहावयाचे आहे.