जमीन मोजणी : दोरीपासून ड्रोनपर्यंत

आपल्या वऱ्हाडात गावाचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. दर्यापूर तालुक्यात धुऱ्यावरून भाऊभाऊ कोर्टात गेलेले आपण पाहतो. म्हणून या मोजणीचा इतिहास पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीही जाणून घ्यावा.

पूर्वी जमीन दोरीने मोजीत. दव पडून दोरी भिजली की आखडे. मग तीच जमीन कागदावर जास्त भरे आणि रयतेवर सारा वाढे. अकबराच्या काळी, १५७४-७५ च्या सुमारास, दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली. सुधारणा साधीच, पण तिने किती घरे वाचवली असतील याचा विचार करा! मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतला. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुलीखान या दिवाणाने येथे मोजणीवर आधारलेली पद्धत आणली. त्यापूर्वी दख्खनमध्ये बहुधा नांगरावर कर असे. हा दिवाण पुष्कळदा जरिबेचे एक टोक स्वतः हाती धरी, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. जमाबंदी, हद्द, सनद हे आजच्या दप्तरातले शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ पासून येथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण आजही हेच बोलतो. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर दगड रोवले गेले. (आपली काळी माती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात दगड हलतात, काही दगड माणसेही हलवतात, ही गोष्ट वेगळी!)

परंतु सरकारला हवा होता शेतसारा. म्हणून काळी मोजली गेली आणि पांढरी बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. पिढ्यानपिढ्या राहत्या घराचा नकाशाच नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण तो कर आकारणीचा उतारा; मालकीचा पुरावा नव्हे. असे घर तारण ठेवून बँकेचे कर्ज मिळणे कठीण.

ही उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभाग आणि भूमी अभिलेख खाते मिळून गावठाणे मोजतात. प्रथम मिळकतींच्या हद्दींवर चुन्याच्या रेषा आखतात, मग ड्रोन वरून एकावर एक येणारी छायाचित्रे घेतो, आणि ती जोडून नकाशा तयार होतो. त्यावरून मिळकत पत्रिका निघते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ड्रोनला छप्पर दिसते, वारस दिसत नाहीत. आजोबांच्या नावचे घर तीन भाऊ व दोन बहिणी यांचे आहे, हे आकाशातून कळत नाही. चुन्याची रेषा चुकीची पडली तर नकाशाही तिच्याबरहुकूम चुकतो. नावे ठरतात ती जमिनीवरच्या चौकशीत. त्या चौकशीची नोटीस घरी आली की शिकलेल्या मुलामुलींनी ती वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी, हरकतीची मुदत लिहून ठेवावी, आणि आत्यांची नावे सुटली नाहीत ना, हे पाहावे.