ट्रंकेंतला इतिहास

सातारा आणि सांगली यांच्या राजकीय इतिहासाचीं साधनें आज आपल्या हातीं आहेत, तीं कांहीं थोड्या माणसांच्या चिकाटीमुळें. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेच्या शाळेंत शिकवितां शिकवितां पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें निवडलीं आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापण्यास आरंभ केला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं आयुष्यभर जमविलेलीं पत्रें व चित्रें ठेवण्यासाठीं १९२५ सालीं साताऱ्यास संग्रहालय उभें राहिलें; १९३९ मध्यें तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला.

परंतु या दप्तरांतून बहुधा दरबार बोलतो. पेठेंतलें लग्न, दुकानाची पाटी, गणेशोत्सवांतला मेळा, शाळेंत जाऊं लागलेल्या मुली, यांची साक्ष कोठें शोधावयाची? ती आपल्याच घरच्या ट्रंकेंत आहे. पुठ्ठ्यावर चिकटविलेलें छायाचित्र, लग्नपत्रिका, जमाखर्चाची वही, चार ओळींचें पोस्टकार्ड. शहर कसें जगलें हें यांवरूनच कळावयाचें.

आणि हें धन किती नाजूक! २००५ आणि २०१९ सालीं कृष्णेचें पाणी सांगलींत घरोघरीं शिरलें. दरबारी पत्र छापील ग्रंथांत तरी उरतें. घरच्या छायाचित्राची दुसरी प्रत बहुधा नसतेच.

म्हणून जुनीं दप्तरें जपणारे जाणकार सांगतात तें लक्षांत ठेवावें. भिजून चिकटलेलीं छायाचित्रें ओढून सोडवूं नयेत. शक्य तितक्या लवकर स्वच्छ गार पाण्यांत अलगद सुटूं द्यावीं आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलींत वाळवावीं. कागदांचा मूळचा क्रम मोडूं नये, कारण कोणतें पत्र कोणत्या पत्राशेजारीं होतें हीही एक माहितीच असते. संगणकावर प्रत करून ती दुसऱ्या गांवच्या आप्ताकडे ठेवावी. पण मूळ चित्र टाकूं नये.

सर्वांत मोठा नाश मात्र पाण्यानें होत नाहीं, विस्मृतीनें होतो. मागच्या रांगेंत उभी असलेली ती बाई कोण, हें घरांतील एकट्या आजीलाच ठाऊक असतें. ती गेली कीं चित्र उरतें, माणूस हरवतो. तेव्हां आजच ट्रंक उघडा, आजीजवळ बसा, आणि ती सांगेल तें नांव, गांव, साल चित्राच्या पाठीवर कडेला मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहून ठेवा. उद्यांच्या इतिहासकाराला याहून मोठी देणगी आपण देऊं शकत नाहीं.