रोझेलची मावशी

श्रोतेहो, शिकायचे म्हटले की घर सोडायचे, ही गोष्ट शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला नव्याने सांगायला नको. पाड्यावरची शाळा लवकर संपते. पुढे कुणी आश्रमशाळेत जातो, कुणी वसतिगृहात, तर कुणाला आईबाप कल्याणला मामाकडे नाहीतर आत्याकडे ठेवतात. पोराची ट्रंक भरताना आई पुस्तकांची चौकशी करीत नाही. तिथे याला वेळेवर जेवू कोण घालील, ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील, एवढाच तिचा प्रश्न असतो. या प्रश्नाचा इतिहास आज तुमच्यापुढे ठेवतो. तो आपल्या शेजारच्या कल्याणातून निघून थेट अमेरिकेपर्यंत जातो.

परघरी राहून शिकणे ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्यासारख्या गावी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी; सात वारांना सात घरे मिळाली की पोटाची चिंता मिटली. कुणी माधुकरी मागून शिकत. त्या अन्नावर मोठमोठे विद्वान तयार झाले, हे खरे. पण ही दारे बहुतेक ब्राह्मणांच्या मुलग्यांनाच उघडी होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांच्या मुलांना कुठला वार मिळणार? ती उणीव पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी काढलेल्या वसतिगृहांनी आणि १९२४ साली साताऱ्यास भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या बोर्डिंगने भरून काढायला घेतली. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसली. मुलीला मात्र वारही नव्हता आणि बोर्डिंगही नव्हते, अशा काळातली एक मुलगी परघरी राहून शिकली. आणि ते घर सातासमुद्रांपलीकडचे होते.

मुरबाडची सडक जिथे जाऊन मिळते आणि आसनगावची गाडी जिथे थांबते, त्या कल्याणात या मुलीचे बालपण गेले. माहेरचे नाव यमुना जोशी. जन्म ३१ मार्च १८६५ चा. घराणे एके काळी जमीनजुमला बाळगून असलेले, पण पुढे ओढगस्तीला आलेले. १८७४ साली, नवव्या वर्षी, तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव टपालखात्यात नोकरीला होते, वयाने तिच्याहून पुष्कळच मोठे, स्वभावाने विक्षिप्त आणि तापट. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि तो थोड्याच दिवसांत गेला. योग्य उपचार मिळता तर मूल वाचते, हे तिच्या मनाने घेतले. आपल्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नाहीत. मग बाईनेच डॉक्टर का होऊ नये?

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. हा पत्रव्यवहार वाइल्डरसाहेबांच्या मासिकात छापून आला. १८८० साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला तो अंक त्यांनी सहज चाळला, आणि त्या हिंदी मुलीला पत्र लिहायचे ठरविले. आनंदी तेव्हा पंधरा वर्षांची होती. पत्राला उत्तर गेले, उत्तराला पुन्हा पत्र आले. सणवार, चालीरीती, बालविवाह, घरातली सुखदुःखे, सारे त्या पत्रांतून लिहिले गेले. एकमेकींना न पाहताच नाते जुळले. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली.

मंडळी, हा शब्द ध्यानात ठेवा. परक्या घरात पाऊल टाकण्यापूर्वीच त्या घरी एक नाते तयार होते.

पुढे गोपाळरावांची बदली बंगाल्यात झाली. लोकांनी नावे ठेवली. परदेशी गेली की ही बाटणार, असे म्हटले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या. आपण का जात आहोत, ते त्यांनी सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे बजावले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. अठरावे वर्ष पुरे होऊन जेमतेम आठवडा झाला होता. नवरा बरोबर नव्हता. सोबत मिशनरी बायकांची. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, न्यूयॉर्कला बोट लागली. तिथे मावशी न्यायला आल्या होत्या.

रोझेलच्या घरी आनंदीबाई चार महिने राहिल्या. कार्पेंटर कुटुंब ख्रिस्ती, पण पाहुणीच्या देवाधर्माला त्यांनी धक्का लावला नाही. ती मांस खात नाही म्हणून तिच्यावर सक्ती झाली नाही. लुगडे, कुंकू, बांगड्या, सारे तसेच राहिले. पाहुणीनेही हातावर हात ठेवून दिवस काढले नाहीत. घरातल्या मुलींशी तिची गट्टी जमली, कामाला तिने हात लावला. एकदा तर शेजारच्या बायकांना बोलावून तिने आपल्या पद्धतीची मेजवानी केली. काल आलेली पाहुणी आज यजमानीण झाली. ज्याला काही देता येते तो उपरा राहत नाही, हे कार्पेंटरबाईंना उमगले होते.

ऑक्टोबरात कॉलेज सुरू झाले आणि त्या फिलाडेल्फियाला गेल्या. बायकांचे हे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली निघालेले. जगातल्या अशा पहिल्यावहिल्या संस्थांपैकी एक. मुख्य अध्यापिका रेचल बॉडली यांनी त्यांना मायेने वागविले. पण राहायची खोली ती शेवटी खोलीच. शेगडी पेटवावी तर धूर कोंडे, विझवावी तर थंडी हाडांत शिरे. शाकाहारी माणसाला पुरेसे अन्न मिळणे अवघड. अभ्यासाचा भार वेगळाच. प्रकृती खालावू लागली. सुट्टी लागली की पाय रोझेलकडे वळत. अशा स्थितीत त्यांनी अभ्यास पुरा केला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा गोपाळराव तिथे होते आणि इंग्लंडहून पंडिता रमाबाईही आल्या होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांत त्यांची गणना होते.

कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने घात केला. नोव्हेंबरात त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय बावीसही पुरे नव्हते. एकाही रोग्याची नाडी त्यांना त्या इस्पितळात पाहता आली नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी मावशींकडे पाठविली. कार्पेंटरबाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवून वर दगड उभा केला. आपल्या माणसांसाठी राखलेल्या जागेत त्यांनी कल्याणच्या मुलीला जागा दिली. याहून मोठा मान यजमानाने पाहुण्याला काय द्यायचा?

पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, अमेरिकन फील्ड सर्व्हिस या संस्थेने शाळकरी मुलांना परदेशी कुटुंबांत ठेवून शिकविण्याची योजना सुरू केली. ही मूळची लढाईत जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था. माणसे एकमेकांच्या घरी राहिली, एका टेबलावर जेवली, तर पुन्हा लढायला उठणार नाहीत, असा त्यामागचा विचार. आता अशा योजना कितीतरी देशांत आहेत. रोझेलच्या घराने हीच गोष्ट संस्था नसताना, कायदा नसताना, एका पत्राच्या आधारावर केली होती.

आता आपल्याकडे पाहू. दिवाळी झाली की आपल्या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मूल मागे ठेवावे तर कुणाकडे, बरोबर न्यावे तर शाळा बुडते. आश्रमशाळेत नव्याने आलेली ठाकर, वारली, महादेव कोळी मुलगी रोझेलला उतरलेल्या आनंदीइतकीच परकी असते. बोली वेगळी, जेवण वेगळे, रात्री दिवा मालवल्यावर कुशीला आई नाही. अशी मुले होळीला घरी जातात आणि काही परत येतच नाहीत. आपण पटावर गैरहजेरी मांडतो.

गुरुजनहो, इमारत आणि धान्य सरकार देईल. मावशी आपल्यालाच व्हावे लागेल. मूल यायच्या आधी त्याच्या घरी जाऊन या, म्हणजे पहिल्या दिवशी एक तरी तोंड ओळखीचे असेल. त्याच्या बोलीतले चार शब्द शिका. घरी काय खातो ते विचारा. त्याचे गाणे, त्याच्या रानभाजीचे नाव त्याला वर्गाला शिकवू द्या. ज्याला देता येते तो उपरा राहत नाही. आणि अंग कणकणले तर दुखणे अंगावर काढू देऊ नका. आईबापांना निरोप धाडा, दवाखाना गाठा. फिलाडेल्फियाच्या धुराने भरलेल्या खोलीचा धडा तोच आहे.

ज्यांच्या घरी नात्यातले वा ओळखीतले मूल शिकायला राहिले आहे, त्यांनाही एवढेच सांगणे. ताटात वाढताना हात आखडू नका, आणि पाणी भरायला मूल मिळाले असे समजू नका. कामाला हात लावू द्या, पण अभ्यासाचा वेळ राखून. कल्याणची यमुना डॉक्टर झाली ती स्वतःच्या हिमतीवर, यात शंका नाही. त्या हिमतीला टेकायला एक घर मिळाले होते, हेही विसरू नये. आपल्या गावात असे एक तरी घर आहे का, ते ज्याने त्याने पाहावे.